‘घेणे’ आणि ‘आल्माक’ : इंग्रजीच्या मध्यस्थीचा एक प्रश्न

अनुवादाची चर्चा आपल्याकडे बहुधा संज्ञांभोवती फिरते. परक्या समाजातील नातीगोती, पदार्थ, पोशाख, देवधर्म यांना मराठीत काय म्हणावे यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे, आणि ती वाया गेली असे कोणी म्हणणार नाही. परंतु अनुवादकाला दिवसभर छळतात ती क्रियापदे. आणि त्यांतही अवघड क्रियापदे नव्हेत, तर अगदी घरगुती, सतत जिभेवर असलेली. संज्ञेसाठी कोश उघडता येतो. घरगुती क्रियापदासाठी कोश उघडावा, तर त्यात अर्थांची अशी गर्दी दिसते की उघडल्याचा पश्चात्ताप व्हावा. इंग्रजीतील ‘टेक’ हे या जातीचे क्रियापद आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करायचा आहे तो तुर्की भाषेच्या निमित्ताने. कारण तुर्की साहित्य मराठीत येते ते बहुतेक वेळा इंग्रजीच्या वाटेने, आणि त्या वाटेवर हे ‘टेक’ एखाद्या नाकेदारासारखे उभे असते.

हे ‘टेक’ इंग्रजीचे जातिवंत अपत्य नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेण्यासारखी आहे. जुन्या इंग्रजीत ‘घेणे’ या अर्थी ‘निमान’ असे क्रियापद होते. जर्मनमधील ‘नेमन’ हा त्याचा सख्खा भाऊ. उत्तरेकडील दर्यावर्दी लोकांनी इंग्लंडात वस्ती केली तेव्हा त्यांच्या नॉर्स भाषेतील ‘ताका’ हे क्रियापद तेथे आले, आणि काही शतकांत त्याने मूळच्या ‘निमान’ला घराबाहेर काढले. बधिर या अर्थाच्या ‘नम’ या विशेषणात जुन्या धातूचे अवशेष तेवढे उरले. बधिर म्हणजे ज्याची संवेदना ‘घेतली गेली’ असा. या पाहुण्याने पुढे जो संसार मांडला तो अचाट आहे. छायाचित्र, औषध, परीक्षा, शपथ, लाच, मार, फेरफटका, आसन, राग, वेळ ही सारी मंडळी इंग्रजीत एकट्या ‘टेक’च्या छत्राखाली नांदतात.

त्यामानाने आपले ‘घेणे’ कुलीन. संस्कृत ‘ग्रह्’, प्राकृत ‘गेण्हइ’ असा त्याचा सरळ वंश सांगता येतो. तुर्की ‘आल्माक’ही तसेच पुरातन आहे, आठव्या शतकातील ओर्खोनच्या शिलालेखांत त्याचा धातू आढळतो. या दोन क्रियापदांचा परस्परांशी कुळाचा काडीमात्र संबंध नाही. असे असता त्यांचे वागणे मात्र एखाद्या जुळ्या भावंडासारखे आहे. ‘घेणे’ म्हणजे हाती घेणे आणि ‘घेणे’ म्हणजे खरेदी करणे, हे दोन्ही अर्थ मराठीत एकाच शब्दात राहतात: भाजी घेतली, घर घेतले. तुर्कीत हुबेहूब तेच. संदिग्धता टाळायची तर मराठी माणूस ‘विकत घेणे’ म्हणतो. तुर्की माणूस ‘सातन आल्माक’ म्हणतो, आणि त्यातील ‘सातन’ हा विकणे या अर्थाच्या धातूपासूनच आलेला आहे. रचना शब्दास शब्द तीच. श्वास दोन्हीकडे ‘घेतात’, वास ‘घेतात’, कर्ज ‘घेतात’. पाहुण्याला चहा ‘पिणार का’ असे विचारण्यापेक्षा ‘घेणार का’ असे विचारणे तुर्कस्तानातही अधिक अदबीचे समजले जाते. (‘ते घेतात’ एवढ्याच वाक्यात एखाद्या गृहस्थाच्या सायंकाळच्या सवयीचा निर्देश करण्याची सोय मात्र मराठीची स्वतःची आहे.) व्यापाराला किंवा बाजारहाटाला तुर्कीत ‘आलश्वेरिश’ म्हणतात, म्हणजे ‘घेव-देव’. आपण ‘देवघेव’ म्हणतो, त्यात देणे आधी येते. यावरून राष्ट्रस्वभावाविषयी सिद्धांत काढण्याचा मोह कोणाला झाल्यास त्याने तो आवरावा हे बरे.

याचा एक परिणाम असा की ‘टॅक्सी घेणे’ हा इंग्रजी वळणाचा प्रयोग दोन्ही भाषांत सारखाच हास्यास्पद ठरतो. ज्याने टॅक्सी ‘घेतली’ त्याने, मराठी कानाला आणि तुर्की कानाला, ती विकत घेतली. तुर्की भाषेचे जाणकार असल्या प्रयोगांवर रागावतात. ‘दुश आल्माक’, म्हणजे ‘फवारास्नान घेणे’, हाही त्यांना खुपतो. मात्र तो आता रूढ होऊन बसला आहे. आपल्याकडे ‘स्नान घेणे’ रूढ झाले तसेच.

पण साम्याची खरी गंमत जेथे इंग्रजीत ‘टेक’ आहे आणि मराठी व तुर्की या दोन्ही भाषांनी त्याला नकार दिला आहे तेथे दिसते. मार इंग्रजीत ‘घेतात’. आपण तो खातो, आणि तुर्कही खातात: ‘दायाक येमेक’, यातील ‘येमेक’ म्हणजे खाणे. लाचेचे उदाहरण त्याहून बोलके आहे. तुर्कीत ‘र्युश्वेत आल्माक’ म्हणजे लाच घेणे, हा तटस्थ, कायद्याच्या कागदातला प्रयोग. आणि ‘र्युश्वेत येमेक’ म्हणजे लाच खाणे, हा तिरस्काराचा, लोकांच्या तोंडचा. मराठीत हीच जोडी आहे आणि दोहोंमधला भेदही नेमका हाच आहे. आरोपपत्रात इसम लाच घेतो, चावडीवर तो ती खातो. दुसऱ्याचा हक्क तुर्कीत ‘खातात’, आपण तो खातो किंवा गिळतो. सतत टोचून बोलणारा माणूस तुर्कीत दुसऱ्याच्या ‘डोक्याचे मांस खातो’. आपण मांस वगळून नुसते डोके खातो.

‘चेक्मेक’ या क्रियापदाची कथाही अशीच. त्याचा मूळ अर्थ ओढणे. तुर्कीत छायाचित्र ‘ओढतात’, पेढीतून पैसे ‘ओढतात’, दात ‘ओढतात’, विहिरीतून पाणी ‘ओढतात’ आणि दुःखही ‘ओढतात’. आता मराठी ‘काढणे’ शेजारी ठेवून पाहावे: फोटो काढणे, पैसे काढणे, दात काढणे, विहिरीचे पाणी काढणे, आणि विपन्नावस्थेत दिवस काढणे. इंग्रजीने या पाच ठिकाणी पाच वेगळी क्रियापदे वापरली असती, आणि त्यांतले एक ‘टेक’. म्हणजे इंग्रजी कधी तुर्कीचे अनेक धागे एका गाठीत बांधते, तर कधी तुर्कीचा एकच धागा पाच ठिकाणी तोडते. दोन्ही वेळा मराठीजवळ अखंड धागा असतो आणि तो आपल्याजवळ आहे हे इंग्रजीवरून काम करणाऱ्या अनुवादकाला कळण्यास मार्ग नसतो.

येथे प्रश्न केवळ शब्दांच्या मौजेचा राहत नाही. समजा, एखाद्या तुर्की कादंबरीत खेड्यातला म्हातारा म्हणतो की, पाटील लाच खातो आणि आम्ही मार खातो. एकाच ‘येमेक’वर तोललेले हे वाक्य आहे, त्याचा सगळा कडवटपणा त्या दुहेरी ‘खाण्या’त आहे. इंग्रजी अनुवादक हुशार असला तरी तो फार तर दोन्हीकडे ‘टेक’ घालील. त्यावरून काम करणारा मराठी अनुवादक प्रामाणिकपणे लिहील: पाटील लाच घेतो आणि आम्ही मार सोसतो. अर्थ आला, म्हातारा गेला. मूळ वाक्य जसेच्या तसे मराठीत उभे राहू शकले असते, एवढेच नव्हे, तर ते मराठी खेड्यात जन्मल्यासारखे वाटले असते. ही हानी इंग्रजीतल्या अनुवादकाची चूक नव्हे. इंग्रजीपाशी ते खाणेच नाही. पण ती मराठी वाचकाने का सोसावी?

यावर असे म्हणता येईल की भारतीय भाषांत तुर्की साहित्य येण्यास इंग्रजीवाचून दुसरा उपाय नव्हता. ते खरे आहे. १९५० नंतरच्या दशकात सुभाष मुखोपाध्याय यांनी नाझिम हिकमत यांची कविता बंगालीत आणली. त्या काळी तुर्की शिकून मगच अनुवादाला बसावे असा हट्ट धरला असता तर बंगाली वाचकाला तो कवी कित्येक वर्षे भेटलाच नसता. मध्यस्थाचे उपकार नाकारण्याचे कारण नाही. पण मध्यस्थाला मूळ समजणे ही निराळी गोष्ट आहे. ओर्हान पामुक यांच्या १९९० सालच्या ‘कारा किताप’ या कादंबरीचे इंग्रजीत दोन अनुवाद आहेत: एक १९९४ चा ग्युनेली ग्युन यांचा, दुसरा २००६ चा मॉरीन फ्रीली यांचा. दोघींनाही तुर्की उत्तम अवगत, आणि तरी त्यांनी दुसऱ्यांदा त्याच वाटेने जाण्याची गरज प्रकाशकाला वाटली. ज्या मराठी अनुवादकाला इंग्रजीवरूनच काम करावयाचे आहे त्याने यांतले कोणते पुस्तक ‘मूळ’ म्हणून समोर ठेवावे? याशार केमाल यांच्या १९५५ सालच्या ‘इंजे मेमेद’ची गोष्ट तर शीर्षकापासूनच सुरू होते. ‘इंजे’ म्हणजे बारीक, किडकिडीत. एदुआर रोदिती यांच्या १९६१ च्या इंग्रजी अनुवादात त्या किडकिडीत पोराचा ‘ससाणा’ झाला. इंग्रजी वाचकासाठी तो बदल योग्य असेलही. पण मराठीत ‘बारीक्या’, ‘बारकू’ अशी हाक मारणारी अनेक गावे असताना आपण ससाण्याच्या मागे का धावावे हे समजत नाही.

मात्र इंग्रजी बाजूला सारली की मराठी आणि तुर्की गळ्यात गळा घालतील, अशा भ्रमात कोणी राहू नये. जवळीक हाच येथे सापळा आहे. अरबी-फारसीच्या द्वारे दोन्ही भाषांनी जी शब्दसंपत्ती कमावली ती एकाच टाकसाळीतली असली तरी नाण्यांचे मोल बदललेले आहे. ‘हबेर आल्माक’ म्हणजे अक्षरशः ‘खबर घेणे’. तुर्कीत त्याचा अर्थ बातमी कळणे. मराठीत एखाद्याची ‘खबर घेतली’ म्हणजे त्याला चांगले फैलावर घेतले. ‘करार’ हा शब्द तुर्कीत निर्णय या अर्थी चालतो, आपल्याकडे तो दोन पक्षांत होतो. शिवाय तुर्कीत माणूस निर्णय ‘देतो’: ‘करार वेर्मेक’. घरातल्या मुलीने शहर सोडून जाण्याचा ‘निर्णय दिला’ असे कोणी लिहिले, तर मराठी वाचक तिला न्यायासनावर बसवील. शपथ आपण घेतो, हिंदीभाषी ती खातात आणि तुर्क ती पितात: ‘आंत इच्मेक’. परीक्षेला आपण बसतो. तुर्क परीक्षेत ‘शिरतात’. मुलगा आपल्याकडे आईवर जातो, तिकडे तो आईकडे ‘ओढतो’. अशा ठिकाणी अक्षरनिष्ठा दाखवणारा अनुवादक इंग्रजीवरून करणाऱ्यापेक्षा अधिक विनोदी होण्याची शक्यता आहे.

आणखी एक खोलवरची गोष्ट आहे. मराठी ‘घेणे’ दुसऱ्या क्रियापदाला चिकटून क्रियेचे फळ कर्त्याकडे वळवते: जेवून घे, लिहून घे, धुऊन घे. हे काम तुर्की ‘आल्माक’कडे नाही, ते तेथे धातूच्या पोटात बसणाऱ्या एका ‘न’कारावर सोपवलेले आहे. ‘यकामाक’ म्हणजे धुणे, ‘यकान्माक’ म्हणजे स्वतःला धुणे, आंघोळ करणे. उलट तुर्की ‘देणे’, म्हणजे ‘वेर्मेक’, दुसऱ्या क्रियापदाला जोडले की क्रिया झटकन, सहज उरकल्याचा भाव येतो. तेथे आपण बहुधा ‘टाकणे’ योजतो. गंमत अशी की ‘घेण्या’च्या या आत्मार्थी उपयोगात मराठीची खरी शेजारीण तुर्की नसून कन्नड आहे: ‘कोळ्ळु’ म्हणजे घेणे, विकत घेणे, आणि तेच जोडक्रियापद म्हणून आत्मार्थी. तमिळमधील ‘कोळ्’चेही तसेच. भारताच्या वेगवेगळ्या भाषांतून लिहिणाऱ्यांनी आपापल्या ‘घेण्या’ची अशी झडती घेतली, तर तुर्की साहित्यापर्यंत जाण्याची कन्नड-मराठीमार्गे एखादी पाऊलवाट सापडणे अशक्य नाही.

या ‘न’काराने अनुवादकाची केलेली सर्वांत सुंदर पंचाईत ‘आलन्माक’ या रूपात आहे. त्याचा एक अर्थ ‘घेतले जाणे’. दुसरा, एखादे बोलणे स्वतःकडे घेणे, म्हणजे मनाला लावून घेणे. इंग्रजी येथे ‘रोष घेणे’ अशा अर्थाचा प्रयोग करते आणि त्यातून माणूस चिडका वाटू लागतो. तुर्की शब्दात चीड अल्प, दुखावलेपण अधिक. आणि मराठी ‘लावून घेणे’ त्याला अगदी भिडते. परंतु त्याच पानावर एखादी वस्तू ‘घेतली गेली’ असेल आणि लेखकाने दोन्ही अर्थ एकमेकांवर खेळवले असतील, तर मराठीचाही इलाज खुंटतो. तेथे कोणता अर्थ सोडावा याचा निर्णय प्रत्येक वेळी त्या पानापुरताच करावा लागतो.

उरले ते ‘टेक’ जेथे कर्ताच नसतो: याला वेळ ‘घेते’, त्याला धैर्य ‘घेते’. तुर्कीत काम धैर्य ‘मागते’, ‘जेसारेत इस्तेर’. मराठीत धैर्य लागते. मागण्यात कामाला तोंड फुटते, लागण्यात नाही. आजवर मी अशा जागी ‘लागते’च लिहीत आलो आहे. पण एखाद्या पात्राचे काम त्याच्याकडे खरोखरच काही मागत असेल, तर ‘हे काम माणूस मागते’ असे लिहून पाहायला मराठीची हरकत नसावी. देवीने बळी मागितल्याचे आपण ऐकलेले आहे.