सोडताना काय हाती राहतं?

माझा भाचा बेळगावात लग्नांचे फोटो काढतो. दिवाळीत त्यानं विचारलं, "आत्या, लाइटरूम घेऊ, की फुकटातलं डार्कटेबल चालेल?" मी म्हटलं, "सोडायची वेळ आली तर सोबत काय नेता येईल, ते बघितलंस का?" तो हसला. "अजून घेतलंच नाही, तर सोडायची भाषा कशाला?"

भाषा त्याच्याच घरातली आहे. दादा गेला, तेव्हा त्याच्या कॉम्प्युटरवरचे मूळ फोटो सगळे सापडले. पण रात्र-रात्र जागून त्यानं ज्या प्रोग्राममध्ये ते सुधारले होते, तो नव्या मशीनवर उघडेना. चुलीपुढं बसलेल्या आईचा फोटो मिळाला, तो कॅमेऱ्यानं टिपला तसा, काळपट. दादानं त्यात आणलेला उजेड मात्र गेला.

असं का होतं? हे प्रोग्राम मूळ रॉ फाइलला हातच लावत नाहीत. उजेड किती वाढवला, कडा कुठं कापल्या, याची फक्त कृती लिहून ठेवतात. मूळ शाबूत राहतं, हा मोठा गुण. पण कृती ज्याची त्यालाच नीट वाचता येते. आईच्या वहीतलं "मीठ अंदाजे" सुनेला कुठं कळतं?

अ‍ॅपलचं अ‍ॅपर्चर 2005 मध्ये आलं. 2014 मध्ये कंपनीनं त्यावरचं काम थांबवल्याचं जाहीर केलं, 2015 मध्ये विक्री थांबली. लाइटरूमकडं यायला अडोबीनं वाट करून दिली. तारे आले, कीवर्ड आले, पण फोटोंवर केलेल्या दुरुस्त्या काही आल्या नाहीत.

लाइटरूम कामाला उजवं आहे, यात वाद नाही. शेकडो फोटोंतून निवड करायची, एकावरची दुरुस्ती बाकीच्यांवर चढवायची, यात ते तरबेज. पण एकदाच पैसे भरून घेता येणारी त्याची शेवटची आवृत्ती 2015 ची, सहावी. आता वर्गणी. ती थांबवली तरी लाइटरूम क्लासिक उघडतं, फोटो दिसतात, बाहेरही काढता येतात. दुरुस्तीचा डेव्हलप विभाग मात्र बंद होतो. याला लबाडी म्हणणार नाही, करारच तसा आहे. पण लग्नं ठरावीक महिन्यांत असतात, आणि वर्गणी बाराही महिने.

डार्कटेबलला वर्गणी नाही. शिकायला जड जातं, हेही खरं. त्याची कृती फोटोशेजारीच छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये राहते, त्यामुळं अख्खा फोल्डर उचलला की तीही सोबत येते. तरी ती दुसऱ्या प्रोग्रामला जशीच्या तशी कळत नाही. फुकट आहे म्हणून या दोषाची सूट त्यालाही देणार नाही.

भाच्याला सांगितलं ते असं. ऑर्डरी भरपूर असतील तर लाइटरूम घे, वर्गणी तुझ्या दरात धर. हात राखून चालायचं असेल तर डार्कटेबलला दोन महिने दे, जमेल. पण कुठलंही घेतलंस, तरी अल्बम देऊन झाला की निवडलेले फोटो टिफ नाहीतर जेपेग करून मूळ फाइलींशेजारी ठेवायचे. एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर.

"जागा फार लागते, आत्या," तो म्हणाला.

"लागू दे," मी म्हटलं.