नामदेव गाथेतील राजाईची तक्रार : एक पुनर्वाचन

संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान म्हणून हिंगोली जिल्ह्यातील नर्सी परंपरेने ओळखले जाते. साखरा ते नर्सी या साऱ्या मुलखाला नामदेव आपले वाटतात. ते पाच लेकरांचे वडील होते, हे मात्र अभ्यासकही ओझरते सांगून पुढे जातात. नारा, विठा, गोंदा, महादा हे मुलगे आणि लिंबाई ही कन्या. वडील कीर्तनात, पुढे ज्ञानदेवांसमवेत तीर्थयात्रेत. मग ही मुले वाढवली कोणी, हा प्रश्न समीक्षेने आपल्या कक्षेबाहेरचा मानला.

वस्तुतः तो गाथेतच विचारला गेला आहे. आई गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या नावावरील अभंगांत घरातील दारिद्र्य, दुर्लक्षिलेला शिंपीकाम-व्यवसाय आणि संसार मोडणारा विठ्ठल यांविषयी उघड तक्रार आहे. भक्ताच्या वैराग्याची कसोटी, असा तिचा रूढ अर्थ लावला जातो. तो अपुरा आहे. कसोटीपुरतीच तक्रार असती, तर तिला इतका कडवट, घरगुती तपशील लाभला नसता. हे अभंग प्रत्यक्ष त्या स्त्रियांचे की नामदेवांनी वा नंतरच्या कोणी त्यांच्या मुखी घातलेले, हा कर्तृत्वाचा वाद येथे निर्णायक ठरत नाही. नामदेवांचे असतील, तर कवीला आपल्या सर्जनाची घराने मोजलेली किंमत ठाऊक होती. उत्तरकालीन असतील, तर परंपरेलाच ती नोंदवावीशी वाटली. (ज्या घरातील सुनांच्या नावेही अभंग सांगितले जातात, त्या घराला काव्यविरोधी म्हणणे तर अवघडच.)

परिसाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. परिसा भागवतांची पत्नी कमळजा मैत्रिणीची विपन्नावस्था पाहून राजाईला परीस देते. नामदेव तो चंद्रभागेत टाकतात. कीर्तनकार येथे निःस्पृहतेचा गौरव करतात. परंतु त्या क्षणी चूल राजाईची आहे आणि निर्णय तिला न विचारता झाला आहे, याकडे श्रोत्यांचे लक्ष वेधले जात नाही.

त्याच घरातील जनाबाईचा अनुभव निराळा आहे. तिच्या अभंगांत विठ्ठल स्वतः जात्याशी बसतो, दळू लागतो. तिचे कष्ट आणि तिची कविता एकाच जागी घडतात. राजाईच्या वाट्याला असा सोबती येत नाही. तिला मदत होते ती कमळजेची, आणि तीही नदीत जाते.