शिंगरावरचा राजा

मराठी कानाला 'गाढव' आणि 'राजा' हे शब्द शेजारी ठेवलेले सोसत नाहीत. आपल्याकडे गाढवावर बसवितात ते धिंड काढण्यासाठी. येशू गाढवीच्या शिंगरावर बसून यरुशलेमेत प्रवेश करतो, हा शुभवर्तमानांतील प्रसंग मराठीत आणणाऱ्यास म्हणूनच अडचण पडते. शब्द मिळतो, त्याला चिकटलेला उपहास मात्र गळत नाही. इब्री परंपरेत हा उपहास नव्हता. दाविदाने शलमोनास अभिषेकासाठी धाडले ते आपल्या खेचरावर बसवूनच. जखऱ्या संदेष्ट्याने येणाऱ्या राजास गाढव दिले ते रथ आणि युद्धाचा घोडा यांच्या विरोधात. मराठी बायबलात या राजासाठी 'लीन' हे विशेषण येते. शब्द गोड, पण आमच्या मते निसरडा. 'लीन' म्हटले की चरणी लागलेला भक्त डोळ्यांपुढे येतो, राजा येत नाही.

'मशीहा' म्हणजे अभिषिक्त, आणि 'ख्रिस्त' हा त्याचाच ग्रीक प्रतिशब्द. शमुवेलाने ज्याच्या मस्तकी तेल ओतले, तो इशायाचा धाकटा मुलगा त्या वेळी मेंढरांमागे होता. त्याला रानातून बोलावून आणावे लागले. कवळाण्याच्या शेतकरी घरातील गोपाळरावास 1875 मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक घेतले गेले, ही हकिगत ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली त्यांना दाविदाची कथा परकी वाटू नये. साम्य अर्थात येथवरच. पुढे आपले महाराज हत्तीवरूनच मिरवले.

मराठीत हा राजा प्रथम थाटाने आणला तो फादर स्टीफन्स यांनी. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणात वचन आणि प्रतीक्षा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. स्वर्गास त्यांनी 'वैकुंठ' म्हटले. भाषेवरील त्यांचे प्रेम निःसंशय होते. परंतु पुराणाच्या साच्याची स्वतःची एक ओढ असते. वैकुंठीचा अवतार उतरतो तो शत्रूचे निर्दाळण करण्यासाठी, असे गृहीत धरूनच श्रोता बसलेला असतो. त्याला क्रुसावर टांगलेला राजा दाखविणे हे धाडस होते, आणि ग्रंथाचे खरे मोल आम्हांस तेथे वाटते. पण ग्रंथाबाहेर काय होते? राचोल साष्टीत येते, आणि साष्टीतील देवळे 1567 मध्ये पाडली गेली होती. लीन राजाची कथा सांगितली जात होती ती घोडा आणि तोफ बाळगणाऱ्या राजाच्या छत्राखाली. स्टीफन्सांच्या ओव्या वाचताना हे विसरणे आम्हांस जमत नाही, विसरू नयेही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या पाठीशी असा कथेवर सावली टाकणारा दरबार नव्हता. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे मानीत. त्यांनी येशूस 'माउली' म्हटले आणि स्टीफन्सांना न सुटलेला पेच एका शब्दात सोडविला. मात्र त्याची किंमतही मोजली. माउली झाली की राजा मावळतो. यरुशलेमेच्या वेशीतून शिरताना सत्तेला दिलेले आव्हान वात्सल्यात विरघळून जाते. टिळकांना याची जाणीव असावी. 1917 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठी मंडळ काढले, त्याला नाव दिले 'देवाचा दरबार'. मानकऱ्यांचा शब्द त्यांनी बिनमानाच्या माणसांना बहाल केला. आमच्या मते शिंगराचा अर्थ त्यांच्या अभंगांपेक्षा या नावात अधिक उतरला आहे.

मेंढपाळाचे रूपक त्या मानाने सोपे. 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात डॉ. रा. चिं. ढेरे यांनी विठोबाचे मूळ गवळी-धनगरांपर्यंत नेऊन दाखविल्यावर तर मेंढरांमागचा देव आपल्याला नवा राहिलाच नाही. पण यहेज्केलाच्या 34 व्या अध्यायातील मेंढपाळ म्हणजे राज्यकर्तेच आहेत: दूध पिणारे, लोकर पांघरणारे, हरवलेल्याचा शोध न घेणारे. कचेरीच्या खुर्चीत हयात घालविलेल्या आम्हांस तो अध्याय गोपनीय अहवालासारखा वाटतो, आणि शेरा चांगला नाही.

योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू स्वतःस उत्तम मेंढपाळ म्हणतो; त्याआधी तो स्वतःस मेंढरांचे दार म्हणतो. गाईंच्या रक्षणासाठी कवाड उघडले म्हणून गायकवाड, अशी आख्यायिका सांगणाऱ्या शहरातील वाचकास मेंढपाळाच्या काठीपेक्षा हे दारच आधी कळेल.