परिवर्तनानंतरचे पाप : ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’चा दहावा खंड

संत ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’ ह्या ग्रंथाची चर्चा बहुधा आठव्या खंडापाशी थांबते. इ. स. ३८६ मध्ये मिलानच्या एका बागेत त्याच्या मनातील द्वंद्व पराकोटीस पोहोचते. पौलाच्या पत्रातील वचन वाचताच संशय मावळतो आणि पुढील वर्षी बिशप अँब्रोजच्या हस्ते त्याचा बाप्तिस्मा होतो. संघर्ष, कळस आणि शांती हा नाट्यपूर्ण क्रम वाचकाचे समाधान करतो. परंतु ग्रंथाचे तेरा खंड आहेत, आणि ख्रिस्ती साधकाच्या आंतरिक झगड्याचे खरे दर्शन दहाव्या खंडात घडते.

येथवर गतायुष्याची कथा होती. आता उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथे बिशपपदावर असलेला लेखक, आपण आज कसे आहोत, ते ईश्वरापुढे मांडतो. अन्न औषधासारखे घ्यावे असे तो ठरवतो. पण गरज कोठे संपते आणि रुची कोठे सुरू होते, हे त्याला उमगत नाही. स्तोत्र ऐकताना अर्थापेक्षा सुरांनीच मन अधिक हेलावले, तर तो स्वतःला दोषी मानतो. सशामागे धावणारा कुत्रा किंवा माश्या टिपणारी पालदेखील त्याचे चिंतन भंग करते. सर्वांत बिकट मोह स्तुतीचा. कारण कीर्तीच्या तिरस्काराचाही अभिमान वाटू शकतो.

दुसऱ्या खंडातील प्रसंग ह्याच्याशेजारी ठेवून पाहावा. तेथे सोळा वर्षांचा ऑगस्टीन सोबत्यांसह रात्री नासपतीची फळे चोरतो. ते पाप उघड होते. दहाव्या खंडातील पाप सद्गुणाच्या आड लपलेले आहे. म्हणजे त्याची आध्यात्मिक वाढ दोषांच्या घटत्या संख्येत मोजता येत नाही. ती दोष ओळखणाऱ्या दृष्टीच्या सूक्ष्मतेत दिसते. ह्या सूक्ष्मतेची किंमतही ग्रंथाला मोजावी लागली आहे. कथेचा ओघ थांबतो, पृथक्करण काही ठिकाणी कोरडे होते, आणि निरागस आनंदावरही संशयाची छाया पडते.

झगडा अखंड असेल, तर मानवी प्रयत्नाचे मोल काय? ईश्वराने जी आज्ञा करावी ती पाळण्याचे बळही त्यानेच द्यावे, ही ह्या खंडातील प्रार्थना पेलॅजियसला असह्य झाली, असे ऑगस्टीनने वृद्धापकाळी नमूद केले आहे. अशाने माणसाची नैतिक जबाबदारी सैल होईल, हा पेलॅजियसचा आक्षेप क्षुल्लक नव्हे. तथापि दहावा खंडच त्याला काही अंशी उत्तर देतो : कृपेची याचना करणारा हा साधक आत्मपरीक्षण क्षणभरही थांबवत नाही.

मराठी वाचकाला येथे तुकारामांच्या आत्मनिंदेचे अभंग आठवणे स्वाभाविक आहे. मात्र गाथेतील अभंगांना निश्चित कालक्रम नसल्याने खंत आणि आनंद तेथे शेजारी शेजारी नांदतात. कोणती अवस्था आधीची, हे सांगता येत नाही. ऑगस्टीनने कालक्रम स्वीकारला, आणि परिवर्तनाच्या कळसानंतरही अपूर्णता लिहून ठेवली. आत्मचरित्राला सोयीचा शेवट नाकारणारे हे धैर्य हाच ‘कन्फेशन्स’चा वाङ्मयीन विशेष होय.