‘नाट्यगृह’ आणि ‘चौक’ : प्रयोगस्थळांच्या नामव्यवस्थेची चिकित्सा

मराठी नाट्यसमीक्षेत संहिता, अभिनय व संगीत यांची चर्चा जितकी झाली, तितकी प्रयोगस्थळाची झालेली नाही. आणि जेथे झाली, तेथे प्रयोगस्थळ म्हणजे नाट्यगृह हे समीकरण बहुधा गृहीत धरले गेले. हे समीकरण भाषेच्या पुराव्यावर टिकते काय, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

प्रथम नगरांतील नावे पाहू. विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ १८४३ मध्ये सांगलीस राजाश्रयाने झाले. त्यासाठी निराळी वास्तू नव्हती. १८५३ मध्ये भाव्यांची मंडळी मुंबईस ग्रँट रोडच्या थिएटरात खेळली. १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात रंगभूमीवर आले. पुढे रवींद्र नाट्यमंदिर (१९६४), शिवाजी मंदिर (१९६५), बालगंधर्व रंगमंदिर (१९६८) आणि ठाण्याचे गडकरी रंगायतन (१९७८) ही नावे रूढ झाली. कोल्हापूरचे ‘पॅलेस थिएटर’ही केशवराव भोसले नाट्यगृह झाले. गृह, मंदिर, आयतन ही तिन्ही उत्तरपदे तत्सम असून तिन्ही वास्तुवाचक आहेत. ‘मंदिर’ शब्दाचा संस्कृतातील ‘घर’ हा अर्थ मराठीत मागे पडून ‘देवालय’ हा अर्थ प्रबळ झाला. म्हणूनच नाट्यव्यवसायाला जी प्रतिष्ठा हवी होती, ती या पदाने अनायासे पुरविली. ‘थिएटर’ हा शब्द मात्र चित्रपटगृहाकडे आणि संगीत बारीच्या तमाशाकडे उरला. नाट्यगृहात ‘प्रयोग’ होतो. तंबूत ‘खेळ’ होतो. शब्दांची ही वाटणी केवळ भाषिक नाही, सामाजिकही आहे.

आता दुसरी नामव्यवस्था घेऊ. मुंबई-पुणे जुन्या रस्त्यावरील, खालापूर तालुक्यातील चौक हे गाव उदाहरणादाखल पुरेसे आहे. दोन नाट्यनगरींना जोडणाऱ्या वाटेवर ते वसले आहे. परंतु तेथील रसिकाला मोठे नाट्यगृह गाठावयाचे तर पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहाची वाट धरावी लागते. नाट्यगृहांची यादी करणारा अभ्यासक या गावापुढे शून्य लिहून पुढे जाईल. ग्रामनामाच्या व्युत्पत्तीत न शिरता ‘चौक’ या सामान्यनामाकडे पाहिले, तर त्या शून्याचा फोलपणा ध्यानी येतो. संस्कृत चतुष्क, प्राकृत चउक्क, मराठी चौक. वाड्यातले मोकळे अंगण चौक. रस्ते मिळतात ती जागा चौक. गोंधळात देवीपुढे धान्याचा भरतात तो चौक. आणि शाहिरी लावणीचे कडवे तेही चौकच. एकच शब्द जागा, मांडणी आणि रचना या तिन्हींना पुरतो. पार, मांड, फड, बारी या शब्दांचीही जात हीच. ‘फड’ म्हणजे जागा आणि मंडळीही; ‘बारी’ म्हणजे पाळी आणि खेळही. येथे नाव भिंतींना मिळत नाही, घडणाऱ्या कार्याला मिळते.

यावर असा आक्षेप येईल की, शास्त्राला वास्तूच अभिप्रेत आहे. भरताने नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात विकृष्ट, चतुरस्र व त्र्यस्र असे प्रेक्षागृहाचे प्रकार सांगितले, हे खरे. परंतु चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद असे मध्यम प्रेक्षागृह तो श्रेयस्कर मानतो, ते अधिक मोठ्या गृहात पाठ्य अस्पष्ट होते व मुखावरील भाव दिसत नाहीत म्हणून. मापाचा निकष विटा नव्हे, श्रवण आणि दर्शन हा आहे. त्या निकषाने देवळापुढचे आवारही प्रेक्षागृहाच्या विचारात येते.

तथापि चौकाचे उदात्तीकरणही टाळले पाहिजे. नगराने नाट्याच्या नावात मंदिर आणले. गावाने मंदिरापुढे नाट्य आणले. परंतु देवळाच्या आवारात कोणी कोठे बसावे, हे जातीने ठरविलेले असे. तिकिटाचा दर परवडत नसला तरी तो निदान जात विचारीत नाही. म्हणून ‘मोकळे’ हे विशेषण चौकाला सरसकट लावणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही.

हा वाद शब्दांपुरता नाही. ८ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले, तेव्हा पुनर्बांधणीची मागणी तत्काळ उभी राहिली, आणि ती योग्यच होती. रस्तारुंदीत एखादा पार नाहीसा झाला, तर मात्र प्रयोगस्थळ गेले असे कोणी म्हणत नाही. कारण त्या नोंदवहीत तो कधी चढलेलाच नसतो. ज्याला संज्ञा नाही त्याची गणना नाही, आणि ज्याची गणना नाही त्याचे रक्षण नाही.

म्हणून प्रयोगस्थळांचे सर्वेक्षण करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी ‘येथे नाट्यगृह आहे काय?’ या प्रश्नाने आरंभ करू नये. ‘येथे खेळ कोठे होतो, आणि त्या जागेला लोक काय म्हणतात?’ असे विचारावे. उत्तरादाखल येणारा शब्द जसाच्या तसा नोंदवावा. त्याचे तत्सम रूपांतर करण्याची घाई करू नये.