अखंड वाचन आणि अर्थनिर्णयन

वाचककेंद्री समीक्षेने अर्थाचे स्थान संहितेकडून वाचकाकडे नेले, तेव्हा वाचक म्हणजे माणूस हे तिने गृहीतच धरले होते. कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘नेल’ या संगणकप्रणालीच्या संदर्भात हे गृहीत पुन्हा तपासावे लागते. आंतरजालावरील मजकूर अहोरात्र वाचावा आणि कालच्यापेक्षा आज अधिक चांगले वाचावे, असे तिचे उद्दिष्ट होते. शहर, कंपनी, खेळाडू असे वर्ग आणि प्रत्येकाची मोजकी उदाहरणे तिला आरंभी पुरवली होती. उदाहरणांवरून ती वाक्यांचे साचे शोधी आणि साच्यांवरून नवी उदाहरणे. पहिल्या ६७ दिवसांत तिने २,४२,४५३ विधाने स्वीकारली. त्यांची अचूकता अंदाजे ७४ टक्के होती.

ही पद्धती निव्वळ यांत्रिक म्हणून बाजूला सारता येत नाही. अंशावरून पूर्णाकडे आणि पूर्णावरून अंशाकडे जाणारे अर्थनिर्णयनाचे वर्तुळ तिच्यात आहे. जे शहर ते व्यक्ती नव्हे, अशा परस्परवर्जक वर्गांमुळे सोस्यूरप्रणीत भेदतत्त्वाचेही तिथे स्मरण होते.

तथापि तिची एक चूक उद्बोधक आहे. संगणकात साठणाऱ्या ‘कुकी’ या नोंदींना तिने भट्टीत भाजलेल्या खाद्यपदार्थांत घातले. लोक कुकी पुसून टाकतात तशा फायलीही पुसून टाकतात. तेव्हा फायलीही खाद्यपदार्थ ठरल्या. पहिला प्रमाद पुढच्या वाचनाचा पुरावा झाला. अखेर संशोधकांना हस्तक्षेप करावा लागला.

येथे दोष अज्ञानाचा नाही, सुसंगतीचा आहे. पूर्वग्रहावाचून आकलन संभवत नाही, हे गादामर यांनी १९६० मध्ये ‘सत्य आणि पद्धती’ या ग्रंथात मांडले. परंतु संहिता त्या पूर्वग्रहाला प्रश्न विचारू शकली पाहिजे, ही अटही त्यांच्या विवेचनात अनुस्यूत आहे. ‘नेल’च्या लेखी वाक्य हा साक्षीदार होता, संवादक नव्हता. नवे संबंध सुचवण्याची क्षमता तिला पुढे देण्यात आली आणि २०१५ पर्यंत तिच्याकडे कमीअधिक खात्रीची आठ कोटींहून अधिक विधाने जमली, हे मान्य केले पाहिजे. पण संचय वाढला म्हणून वाचन प्रगल्भ झाले, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

हा आक्षेप केवळ यंत्रापुरता मर्यादित ठेवणे अप्रामाणिक ठरेल. ‘ग्रामीण’, ‘महानगरीय’, ‘देशीवादी’ असे वर्ग आधीच हाती घेऊन कादंबरीतून अनुकूल उतारे वेचणारी आपली समीक्षा याच वर्तुळात फिरते. एका प्रबंधातील वर्गीकरण पुढच्या प्रबंधात आधार म्हणून येते आणि मूळ कृती पुन्हा वाचली जात नाही. यंत्राची चूक निदान बाहेरून कोणी दुरुस्त केली. समीक्षकाला मात्र वर्गात न बसणाऱ्या वाक्यापाशी स्वतःच थांबावे लागते.