नाव कोणाचे, हात कोणाचे

सामूहिक राजकीय कला महाराष्ट्राला नवी नाही. 1944 साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हापासून गाणारे, वाजवणारे आणि लिहिणारे एकत्र येऊन राजकारण बोलतात हे आपण पाहत आलो. चित्र-शिल्पाच्या दुनियेत मात्र कोपऱ्यातली सही सुटली नाही. 1947 चा प्रोग्रेसिव्ह ग्रुप घ्या. प्रदर्शन एकत्र, जाहीरनामा एकत्र, कॅनव्हास मात्र ज्याचा त्याचा. ही सही वाटून घेण्याचा सर्वात चिकाटीचा प्रयत्न मुंबईत ज्यांनी केला, त्या नवज्योत अल्ताफ. त्यांच्या कारकिर्दीकडे नीट पाहिले, तर सहयोगी राजकीय कलेने आपल्याकडे काय कमावले आणि ती कुठे अडली, दोन्ही कळते.

नवज्योत यांचा जन्म 1949 चा, मेरठचा. शिक्षण मुंबईत, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. सत्तरच्या दशकात चित्रकार अल्ताफ मोहमदी यांच्यासोबत त्या प्रोग्रेसिव्ह यूथ मूव्हमेंट या डाव्या तरुणांच्या संघटनेत होत्या. पोस्टर करणे, चित्रे गॅलरीबाहेर नेऊन लोकांसमोर मांडणे हे तेव्हाचे काम. आणीबाणीच्या काळातली त्यांची काळी-पांढरी रेखाटने आजही अंगावर येतात. पण त्या चित्रांतला कामगार हा विषयच आहे. तो बोलत नाही, त्याच्या वतीने चित्रकार बोलते. डाव्या कलेची ही जुनी अडचण आहे. नवज्योत यांचा मोठेपणा असा की त्यांना ती स्वतःलाच खुपली. पुढे स्त्री चळवळीशी आलेल्या संबंधाने हे खुपणे वाढवले असावे, कारण ‘कोण कोणाविषयी बोलतेय’ हा प्रश्न त्या चळवळीच्या बैठकांत रोजचाच होता.

मग 6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पाडली गेली, आणि पाठोपाठ मुंबईतली दंगल. त्या धक्क्यानंतर एका चौकटीत चित्र रंगवणे अनेकांना अपुरे वाटू लागले. नवज्योत यांचे 1994 मधले ‘लिंक्स डिस्ट्रॉइड अँड रीडिस्कव्हर्ड’ हे मांडणीशिल्प त्याच काळातले. इतर क्षेत्रांतल्या लोकांना बरोबर घेऊन त्यांनी ते उभे केले. मी लखनौला राहते, त्यामुळे या जागी रुम्माना हुसेन यांचे नाव टाळून पुढे जाणे मला जमणार नाही. 1952 मध्ये जन्मलेल्या रुम्माना यांनी बाबरीनंतर रंगचित्रे बाजूला ठेवली, फुटलेली मडकी जमिनीवर मांडली, स्वतःचे शरीर प्रेक्षकांसमोर आणले, आणि 1997 मध्ये अवधच्या बेगम हजरत महलची कबर एका मांडणीत कल्पिली. बेगमची खरी कबर काठमांडूत आहे, आणि लखनौत तिच्या नावाची बाग आहे. 1999 मध्ये रुम्माना गेल्या, वय अवघे 47. एकटीने, स्वतःच्या देहाच्या साक्षीने प्रश्न विचारणे हा त्यांचा मार्ग. नवज्योत यांनी दुसरा धरला, अनेकांत मिसळण्याचा.

1997 मध्ये इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सच्या साहाय्याने त्या बस्तरमधल्या कोंडागावला गेल्या. धातूच्या ओतकामासाठी नावाजलेले जयदेव बघेल तिथले. राजकुमार कोर्राम, शांतीबाई, गेस्सुराम विश्वकर्मा या कलाकारांशी तिथे जे नाते जुळले, त्यातून 2000 मध्ये ‘डायलॉग इंटरॅक्टिव्ह आर्टिस्ट्स असोसिएशन’ उभी राहिली. शहरातला कलावंत आदिवासी भागात जातो, आकृतिबंध उचलतो, परत येऊन प्रदर्शन भरवतो, असे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालले. नवज्योत परत आल्या, पण पुन्हा गेल्या, आणि जातच राहिल्या.

त्यातून जे घडले ते ‘नलपार’. म्हणजे हापशाभोवतीची जागा. एरवी हापशापाशी काय असते? पाणी सांडून झालेला चिखल, डास, आणि भरलेला घडा जमिनीवरून डोक्यावर घेताना कमरेतून वाकलेली बाई. इथे हापशाभोवती ओटा बांधला, सांडलेल्या पाण्याला वाट काढून दिली, आणि भिंतीत कोनाडे ठेवले. बाई घडा आधी कोनाड्याच्या उंचीवर टेकवते, दम घेते, आणि तिथून चुंबळीवर घेते. भिंतींना आकार आहेत, त्यांत परिसरातल्या चिन्हांचा वावर आहे. कोनाडा किती उंचीवर हवा हे कलावंताच्या वहीत ठरत नाही, पाणी भरणारी बाईच सांगू शकते. तीच या कामाची रचना, तेच त्याचे राजकारण. पाणवठा ही बायकांची आणि मुलींची जागा, घराबाहेर निवांत बोलायला मिळणारी बहुधा एकमेव. तिथे देखणेपण आणणे म्हणजे त्या बोलण्याला मान देणे. याच गटाने मुलांसाठी ‘पिल्ला गुडी’ उभ्या केल्या, मुलांनी जमावे, खेळावे, शिकावे अशा वास्तू.

जगभरच्या कलासमीक्षेत अशा कामांवरून जोरदार वाद झाला आहे. क्लेअर बिशप यांनी 2006 मध्ये असा आक्षेप घेतला की सहयोगी कला मोजताना हेतूचा चांगुलपणा पाहिला जातो, कलाकृती म्हणून ती कशी आहे हे विचारलेच जात नाही. ग्रँट केस्टर यांनी उलट बाजू लावून धरली. संवाद हीच कृती, असे ते म्हणतात, आणि 2011 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी कोंडागावच्या या कामाची सविस्तर दखल घेतली. मला बिशप यांचा आक्षेप महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे ‘लोकसहभाग’ या नावाखाली भिंती रंगवण्याचे जे कार्यक्रम होतात, त्यांतल्या बहुतेकांना तो तंतोतंत लागू पडतो. नलपारला मात्र लागू पडत नाही, कारण तिथे उपयोग आणि आकार वेगळे काढता येत नाहीत. कोनाडा चुकीच्या उंचीवर गेला तर शिल्प म्हणूनही ते फसते.

गॅलरीतल्या नवज्योत मला सगळीकडे सारख्या ताकदीच्या वाटत नाहीत. 2003 ची ‘लॅक्युना इन टेस्टिमनी’ ही गुजरातच्या हिंसेनंतरची दृक्-मांडणी मी त्यांच्या उत्तम कामांत धरते. पडद्यावर समुद्र, समोर आरशांचे तुकडे, आणि पाणी हळूहळू लाल होत जाते. शब्द नाही, घोषणा नाही. ‘टच’ मालिकेत त्या सांगलीला पोचल्या, ‘संग्राम’ संस्थेशी जोडलेल्या देहविक्री करणाऱ्या स्त्रियांशी बोलल्या. त्या स्त्रिया स्पर्शाविषयी, नात्यांविषयी स्वतः बोलतात, दयेची अपेक्षा न ठेवता. छत्तीसगडमधल्या खाणी आणि विस्थापन यांवरच्या अलीकडच्या कामांत मात्र माहितीचा भार कधी कधी प्रतिमेवर चढतो. आकडे खरे आहेत, संताप रास्त आहे, पण प्रेक्षक वाचतच राहतो आणि पाहायचे राहून जाते.

याच वाटेवर मुंबईत दुसरी पिढी आली. 1999 मध्ये तुषार जोग, शर्मिला सामंत आणि त्यांच्या साथीदारांनी ‘ओपन सर्कल’ सुरू केले. शर्मिला सामंत यांनी त्याच वर्षी कोका-कोलाच्या बाटल्यांची पत्र्याची बुचे जोडून साडी केली. जागतिकीकरणावरचे इतके नेमके भाष्य त्या काळात क्वचितच कोणी केले असेल. तुषार यांनी ‘युनिसेल’ नावाचे एकट्याचेच सार्वजनिक बांधकाम खाते काढले, आणि मुंबईचे शांघाय करू पाहणाऱ्यांना सरकारी भाषेतच उत्तरे दिली. 2010 मध्ये ते सरदार सरोवर आणि थ्री गॉर्जेस या दोन धरणांच्या वाटेने मोटारसायकलवरून मुंबईहून शांघायला गेले. डिसेंबर 2018 मध्ये ते अकाली गेले. ‘ओपन सर्कल’ त्याआधीच थांबले होते. गट टिकत नाहीत, हे या कलेचे जुने दुखणे आहे, आणि कारण साधे आहे. विकता येईल अशी वस्तू हाती उरत नाही, मग पैसा यायचा कुठून?

2018 च्या त्याच डिसेंबरात मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नॅन्सी अडजानिया यांनी मांडलेले नवज्योत यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन सुरू झाले. अडजानिया यांनी 2016 मध्ये त्यांच्यावर मोठे पुस्तकही केले आहे. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी 2019 मध्ये, त्याच इमारतीत चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकर संग्रहालयाच्या स्थानिक सल्लागार समित्या बरखास्त झाल्याबद्दल बोलू लागले, तेव्हा त्यांना मध्येच थांबवण्यात आले. राजकीय कलेला दालन मिळते, पण त्या दालनाविषयीचा प्रश्न तिथे चालत नाही.

तरीही माझी मुख्य तक्रार संस्थांपेक्षा आपल्या समीक्षेबद्दल आहे. नवज्योत यांच्याविषयी लिहिताना कोंडागावचे कलाकार ‘स्थानिक कारागीर’ या दोन शब्दांत आटोपले जातात, आणि जी असमानता मोडायला ही कला निघाली तीच आपण लिहिताना पुन्हा बांधतो. शांतीबाई लाकूड कोरतात. त्यांच्या कामावर स्वतंत्र लेख का नको? अर्थात ही असमानता समीक्षेच्या चुकीने पुरती समजावता येत नाही. मुंबईत ओळख, अनुदानाचा अर्ज लिहिता येणे, परदेशी निमंत्रणे हे सारे एकाच बाजूला आहे. नवज्योत यांना याची जाणीव आहे, पण त्या एकट्या ते बदलू शकत नाहीत.

बदलाची सुरुवात कलाशिक्षणातून करता येईल. जे. जे.ला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अभ्यासक्रम आता संस्थेच्या हाती आहे. नवज्योत तिथल्याच विद्यार्थिनी. दृश्यकलेच्या काही मुलांना सहलीसाठी किंवा आठवड्याच्या शिबिरासाठी नव्हे, तर पुरे वर्षभर गडचिरोलीला पाठवावे. तिथल्या कलाकारांना मानधन आणि शिक्षकाचा दर्जा द्यावा. वर्षाअखेरीचे प्रदर्शन आधी तिथल्या गावात भरवावे, मुंबईत नंतर, आणि कामाखालच्या पाटीवर सर्वांची नावे सारख्याच अक्षरांत छापावीत.